सात नंबरचा वॉर्मर

ज्या वस्तूवर स्टिकर नाही ती वस्तू दवाखान्यातच नाही, असा स्टिकरकाकांचा कायदा होता. ते यंत्रदुरुस्ती विभागाचे प्रमुख. विभाग म्हणजे तळमजल्यावर जिन्याखालची एक खोली, आणि प्रमुख म्हणजे त्या खोलीत काम करणारा एकुलता एक माणूस. चौतीस वर्षांत त्यांनी दवाखान्यातल्या प्रत्येक मशीनला, पंख्याला, स्टुलाला पिवळा स्टिकर लावला, त्यावर काळ्या पेनाने नंबर घातला आणि तो लांबड्या वहीत चढवला. दर सोमवारी वही काखेत मारून ते वॉर्डावॉर्डातून फिरत. एका वॉर्डातलं स्टूल दुसऱ्या वॉर्डात दिसलं, की आमच्याकडे असे बघत, जणू आम्ही ते घरी न्यायच्या बेतात होतो.

नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात मी सतरा वर्षं सिस्टर आहे, त्यामुळे काकांशी माझी भांडणंही सतरा वर्षांची आहेत. माझ्या खुर्चीवरचा स्टिकर एकदा पुसताना निघाला, तर त्यांनी मला लेखी पत्र दिलं: 'सदर खुर्ची कोणाची?' मी खालीच लिहून पाठवलं, 'ज्याला बसायला वेळ मिळेल त्याची.' यावर ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. तो महिना मला फार सुखाचा गेला.

आमच्या विभागात सात वॉर्मर. वॉर्मर म्हणजे वरून ऊब देणारा उघडा पाळणा. वेळेआधी जन्मलेल्या बाळाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, म्हणून त्याला त्यात ठेवायचं. बाळ ज्या नंबरच्या वॉर्मरवर, तो त्याचा नंबर, आणि आई म्हणजे त्या नंबरची आई. 'तीन नंबरच्या आई, दूध आणलंत का?' असं आम्ही दारातून ओरडतो. स्वतःचं नाव असलेल्या बायका बाळंत होऊन आमच्या दाराशी येतात आणि दोन दिवसांत नंबरला ओ द्यायला लागतात.

दारावर पाटी होती. 'आईवडिलांना भेटण्याची वेळ: दुपारी चार ते साडेचार. एका वेळी एकच. बाळाला हात लावू नये.' कारण जंतू. आमच्याकडचे जंतू फार शिस्तीचे, ते फक्त आईबापांच्या अंगावर बसून येत. मशीन विकायला येणारा गृहस्थ बुटांसकट आत फिरून जायचा. मोठ्या साहेबांचे पाहुणे बाळांबरोबर फोटो काढून जायचे. त्यांच्याबरोबर एकही जंतू आत आल्याची नोंद नाही. मोठे साहेब म्हणजे आमचे व्यवस्थापक. पाटी त्यांचीच. त्यांना पाट्या लावायची भारी हौस.

तर अशा या आमच्या स्वर्गात एक मुलगी आली. दहा आठवडे आधी जन्मलेली, वजन अकराशे ऐंशी ग्रॅम. तिला सात नंबर मिळाला. ही पोर मधूनच श्वास घ्यायचं विसरायची. इतकी लहान बाळं विसरतात. मग मशीन बोंबलायचं, आम्ही धावत जाऊन तिच्या तळपायाला टिचकी मारायचो, की तिला आठवायचं. दिवसातून दहा-बारा वेळा हा कार्यक्रम चालायचा.

तिची आई गणवेश शिवायच्या कारखान्यात कामाला. पाचव्या दिवशी तिला दवाखान्यातून सोडलं. तिची तब्येत ठीक होती, म्हणजे ती आता आमची नव्हती. घर तीन तासांवर, तेही बस वेळेवर आली तर. रोज येऊन-जाऊन तिला अर्धा तास पोरगी बघायला मिळणार होती, आणि तेवढ्यासाठी ओली बाळंतीण सहा तास बसमध्ये हादरे खाणार होती. दोन दिवस येईल, तिसऱ्या दिवशी नाही येणार, हे आम्हाला पाठ होतं. मग दूध आटतं. आधीच मशीनने काढून चमचाभर निघत होतं. आणि या वजनाच्या पोरीला आईचं दूध नसलं तर काय होतं, तेही आम्हाला पाठ होतं. ती टिकेलच असं मी कोणाला लिहून दिलं नसतं.

सहाव्या दिवशी सकाळी सात नंबरचा वॉर्मर बंद पडला. काका आले, त्यांनी त्याच्यावर दोन थापा मारल्या, मग माझ्याकडे असं बघितलं, जणू तो मीच मोडला होता, आणि ढकलत खाली घेऊन गेले. बाकीचे सहाही भरलेले. पोरगी माझ्या हातांत टॉवेलात गुंडाळलेली आणि हळूहळू गार पडायला लागलेली.

आमचा धाकटा डॉक्टर नवा होता, त्यामुळे अजून वाचत असे. तो म्हणाला, "आईच्या छातीवर ठेवा, सिस्टर. उघड्या अंगाला उघडं अंग, वरून पांघरूण. वॉर्मर मिळेपर्यंत."

जगातल्या आया आजवर हेच करत आल्या. पण आता ते पुस्तकात छापून आल्यामुळे करायला हरकत नव्हती.

आई आदल्या रात्रीपासून जिन्यावरच बसली होती, मांडीवर पिशवी, बसच्या वेळेची वाट बघत. तिला हात धुवायला लावले, गाऊन घातला, माझ्याच खुर्चीवर बसवलं आणि पोरगी तिच्या छातीवर उताणी नाही, पालथी ठेवली. ओला रुमाल चिकटावा तशी ती चिकटली. आई हलायला तयार नाही, श्वासही बेताने घेतेय. मी म्हटलं, "अगं, तू घे की श्वास. विसरायचं काम तिचं आहे." तेव्हा ती हसली आणि मग रडली, आणि रडताना पोरगी हलेल म्हणून रडणंही आवरलं.

अडचण कॉम्प्युटरची झाली. तीन-तीन तासांनी बाळाचं तापमान त्यात भरायचं, आणि शेजारच्या रकान्यात उपकरणाचा नंबर टाकल्याशिवाय तो नोंद घेत नाही. मी 'आई' असं टाकलं. लाल झाला. 'आईची छाती' टाकलं. आणखी लाल झाला. शेवटी वैतागून सात टाकलं. मुकाट्याने हिरवा झाला. मी म्हटलं, चला, यंत्राला यंत्र पटलं. संध्याकाळपर्यंतचा तर प्रश्न होता.

संध्याकाळी वॉर्मर मिळाला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी शोधायचं सोडून दिलं. मोठे डॉक्टर, आमचे विभागप्रमुख, फेरीला आले तेव्हा त्या खुर्चीपाशी येऊन त्यांना नेमका फोन आला. वाऱ्याची दिशा कळेपर्यंत मोठ्या डॉक्टरांना फोन येतच असतात.

चौथ्या दिवशी सोमवार होता. काका वही घेऊन आले आणि माझ्यासमोर कागद आपटला.

"सिस्टर, सात नंबर माझ्या टेबलावर पडलाय. त्याचं पोट मी उघडून ठेवलंय. आणि तुमच्या कागदावर तो चार दिवस छत्तीस पूर्णांक आठवर चालू आहे. भुताटकी आहे का?"

"ती बघा तुमची भुताटकी," मी म्हटलं आणि कोपऱ्यातली खुर्ची दाखवली.

आता गहजब होणार, लेखी पत्र येणार, आईला बाहेर काढणार, अशी माझी खात्री होती. आईनेही पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि तापमानाचा तक्ता वाचायला घेतला. यंत्राचा तक्ता ते लोक वर्तमानपत्र वाचतात तसा वाचतात, शेवटच्या ओळीपर्यंत.

"सहा नंबर दिवसातून चारदा वरखाली होतो. हा एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"आणि ते श्वास विसरणं?"

"काल एकदा. आज अजून नाही. आणि दूध चमच्यावरून वाटीवर आलंय."

काका गेले. दहा मिनिटांनी परत आले ते बोटाच्या टोकावर एक पिवळा स्टिकर घेऊन. खालच्या बंद मशीनवरून सोलून आणला होता, एक कोपरा फाटलेला. तो त्यांनी खुर्चीच्या हातावर चिकटवला, अंगठ्याने नीट दाबला आणि वहीत लिहिलं: 'वॉर्मर क्र. ७. बैठा नमुना. खुर्चीसकट.'

"आणि खालचं मशीन?" मी विचारलं.

"त्यावर स्टिकर नाही," काका म्हणाले. म्हणजे ते दवाखान्यातच नव्हतं.

आईने भीत भीत विचारलं, "काका, मग मी जायचं नाही ना?"

"मशीन कुठे उठून जातं का?" असं म्हणून ते आठ नंबरचा पंखा तपासायला गेले. लाडीगोडी त्यांच्या स्वभावातच नव्हती.

पुढचे अकरा दिवस सात नंबर उत्तम चालला. सकाळी जेवणाच्या डब्यासाठी आणि दोनदा आंघोळीला बंद ठेवावा लागला, एवढंच. पोरीने दीडशे ग्रॅम वजन घेतलं. बाकीच्या आया काचेतून बघायच्या आणि मला विचारायच्या, "सिस्टर, आमच्या बाळाचं मशीन कधी बिघडणार?" मी आपली औषधांची ट्रॉली ढकलत पुढे जायची.

मग तपासणी पथक आलं. दवाखान्यातली यंत्रं नीट आहेत की नाहीत हे बघायला तीन माणसं. त्यांच्या प्रमुख एक वयस्कर डॉक्टरीणबाई. मोठे साहेब त्यांच्या पुढे पुढे. त्या दिवशी सर्वांना नवीन चपला मिळाल्या, हीसुद्धा नोंद व्हायला हवी. बाईंनी कॉम्प्युटरवरचे आकडे मागवले आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हा सात नंबर कोणत्या कंपनीचा? याचा आलेख तर रेघ मारल्यासारखा सरळ आहे. असे आणखी का घेत नाही तुम्ही?"

साहेबांची छाती फुगली. "आम्ही दर्जाबाबत तडजोड करत नाही, मॅडम." कंपनीचं नाव त्यांना अर्थातच माहीत नव्हतं. त्यांनी काकांकडे बघितलं.

"इथेच तयार झालाय," काका म्हणाले.

"देखभाल?"

"तीन वेळचं जेवण. झोप द्यायला हवी, पण मिळत नाही."

बाईंनी काकांकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "दाखवा."

सगळी वरात खुर्चीपाशी आली. खुर्चीत आई, तिच्या छातीवर पांघरुणातून दिसणारी एक मुठीएवढी टोपी, आणि खुर्चीच्या हातावर फाटका पिवळा स्टिकर. साहेबांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. रंग बदलण्यात कॉम्प्युटरची बरोबरी.

"हा काय पोरखेळ आहे? यांना आत्ताच्या आत्ता बाहेर काढा!"

आई उठायलाच लागली. नंबरला ओ देणारी माणसं हुकूमही लगेच ऐकतात. काका म्हणाले, "बस तू." मग त्यांनी वहीतून एक छापील फॉर्म काढला. दोन वर्षांपूर्वी एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात मशीन परस्पर नेण्यावरून मारामारी झाली होती, तेव्हा साहेबांनी स्वतः हा फॉर्म काढला होता. रुग्णाला जोडलेलं चालू उपकरण हलवायचं, तर न चालण्याचं कारण लिहायचं, बदली उपकरण हजर करायचं आणि विभागप्रमुखांची सही घ्यायची. खाली साहेबांची सही छापलेली, ठळक.

"काढतो, साहेब," काका म्हणाले, "तुमच्याच नियमाने काढतो. सात नंबर चालत नाही, असं इथे लिहा. बदली मशीन आणा. आणि डॉक्टरसाहेब, तुम्ही इथे सही करा."

मोठ्या डॉक्टरांनी पेन काढलं. खिसा चाचपला, पण फोन काही वाजेना. पथकातल्या बाई त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनी तक्ता एकदा वाचला, परत वाचला, आणि त्या माणसाने सतरा वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर एक सरळ वाक्य उच्चारलं.

"चालत नाही असं मी लिहू शकत नाही. सगळ्यात चांगलं हेच चालतंय."

बाईंनी त्यांच्या वहीत काहीतरी लिहिलं आणि साहेबांना विचारलं, "उरलेल्या सहा बाळांच्या आया कुठे आहेत?"

आया कुठे असणार? जिन्यावर होत्या.

आठवड्याभरात विभागात सहा खुर्च्या आल्या. दारावरची पाटी गेली आणि तिच्या जागी साहेबांचा फोटो असलेली नवी पाटी आली: 'आई आणि बाळ एकत्र, आमची संकल्पना.' ज्यांनी संकल्पना काढली त्यांनी काकांना नोंदवहीत खोटी नोंद केल्याबद्दल कारणे दाखवा नोटीसही काढली. निवृत्तीला पाच महिने उरले असताना. काकांनी नोटिशीला स्टिकर लावला, नंबर घातला आणि फायलीत ठेवून दिली.

मी मात्र हवेत होते. येता-जाता खुर्च्या मोजायची, आयांकडे बघायची आणि मनात स्वतःची पाठ थोपटायची. साहेब, पाटी, कॉम्प्युटर, सगळ्यांना नावं ठेवून झाली होती. आता नावं ठेवायला कोणी उरलंच नाही, असं मला वाटत होतं.

त्या गुरुवारी काका नव्या खुर्च्यांना स्टिकर लावायला आले. चार वाजले होते. काम करता करता ते थांबले आणि काचेकडे बघत राहिले.

"हा कोण?"

काचेबाहेर सात नंबरचा बाप उभा होता. वेल्डर. रात्रपाळी संपवून तीन तास बस करून एक दिवसाआड येतो, चार वाजता काचेपाशी उभा राहतो, साडेचारला जातो. गरीब माणूस. त्रास म्हणून नाही.

"आत का नाही आला?"

"अहो, पाटी गेली तरी एका वेळी एकच. आणि आई आत असतेच की," मी म्हटलं.

"म्हणजे पहिल्या पाच दिवसांत त्याला जे काही मिळत होतं, तेही तुम्ही आणि मी मिळून घेतलं."

मी म्हटलं, "काका, तो काय दूध पाजणार आहे का? बाबांना कशाला उगाच..."

काकांना मी चिडलेलं शेकडो वेळा बघितलं होतं, असं कधी नव्हतं. हातातली स्टिकरची पट्टी त्यांनी खुर्चीवर टाकली.

"माझा मुलगा इथेच होता, सिस्टर. बावीस दिवस. जुन्या इमारतीत, काचेच्या पेटीत. मी तेव्हा इथेच नोकरीला होतो. पेटी बिघडली की मला आत घेत, नीट चालली की मी बाहेर. एकदा त्याच्या शेजारची पेटी बिघडली म्हणून आत गेलो, तर डॉक्टर म्हणाले, इकडे-तिकडे बघू नकोस, कामाला आलायस. मी नाही बघितलं. देवाशपथ सांगतो, एकदा मनात आलं होतं की त्याचीच पेटी बिघडू दे."

खुर्चीतल्या आईने पोरीच्या टोपीवर हात ठेवला.

"तेविसाव्या दिवशी हातात दिलं. मी काय केलं माहितीये? आधी त्याच्या पायातल्या पट्टीवरचा नंबर बघितला. कागदाशी जुळतोय का. जुळला. म्हणून माझा. आता तो तिशीला आलाय. महिन्यातून एकदा फोन करतो, तब्येत विचारतो, मी ठीक म्हणतो, तो ठीक म्हणतो. चांगला मुलगा आहे. पण आमचं काही जमलंच नाही कधी."

सतरा वर्षं त्या दारात मी उभी. किती बाप मी साडेचार वाजले म्हणून घालवले असतील, हा हिशोब मी त्या दिवसापर्यंत केला नव्हता, आणि तो मला आवडला नाही. मी जाऊन दार उघडलं. वेल्डर दचकला. आपलं काही चुकलं असं वाटून दोन पावलं मागे सरकला.

हात धुताना त्याने एवढा साबण लावला की मला नळ बंद करावा लागला. शर्टाची बटणं त्याला सुटेनात, ती बायकोने एका हाताने सोडवली. गळ्यापाशी ठिणग्यांचे जुने डाग होते. त्याला खुर्चीत बसवलं आणि पोरगी त्याच्या छातीवर ठेवली. तिने एकदम रडायला सुरुवात केली. मांजराच्या पिल्लाएवढा आवाज, पण खणखणीत. तो घाबरून माझ्याकडे बघायला लागला, "घ्या, घ्या हिला, तिला नकोय..."

"बोला तिच्याशी," मी म्हटलं.

"काय बोलू?"

"घरी बायकोच्या पोटाशी काय बोलायचात?"

तो लाजला. मग मान खाली घालून पुटपुटला, "काय मालक, झोपलात का?"

पोरगी रडायची थांबली. कपाळाला आठ्या घालून तिने डोळे उघडले आणि तशीच, ऐकत असल्यासारखी पडून राहिली. तो परत तेच म्हणाला. मशीनवरचे ठोके हळूहळू खाली उतरून स्थिरावले.

काका दारात उभे होते. त्यांनी मला हळूच विचारलं, "हे काय झालं?"

"आवाज ओळखला तिने. पोटात असताना ऐकलेला असतो. आईचा तर ओळखतातच, रोज ऐकला असेल तर बापाचाही ओळखतात."

"तेव्हाचीही ओळखत असतील? तीस वर्षांपूर्वीची?"

"बाळं तेव्हाही अशीच होती, काका."

त्यांनी मान हलवली. चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला.

"मी रोज बोलायचो हो त्याच्याशी, पोटात होता तेव्हा. बायको हसायची," ते म्हणाले. "आणि इथे बावीस दिवस काचेपाशी उभा राहिलो, तर एक शब्द बोललो नाही. मला वाटलं, त्याला काय कळतंय."